नऊ-एकतीसच्या आत

सकाळी ६.१०

मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५. घरात हरतालिकेची गडबड, उद्या गणपती. रात्रभर फोनवर आलेल्या मेसेजांत एकच कागद पुन्हा पुन्हा : अमेरिकेच्या कस्टम्स खात्याची नोटीस. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून लागलेल्या २५ टक्क्यांवर आणखी २५ टक्के. लागू कधी? २७ ऑगस्टला, तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात रात्रीचे १२ वाजून १ मिनिट झालं की. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ९ वाजून ३१ मिनिटं झालेली असतील. बायको पंचांगात प्रतिष्ठापनेची वेळ बघत होती, मी नोटिशीतली.

मी पनवेलचा सीएचए. कायद्यात आम्हाला आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात, बाहेर कोणी म्हणत नाही. तळोजा एमआयडीसीतले कारखाने, पनवेल-उरण पट्ट्यातली गोदामं आणि न्हावा-शेवाचं बंदर या त्रिकोणात आमचं पोट आहे. माल निर्यातदाराचा, शिक्का सरकारचा, मधली धावपळ आमची. दिल्ली-वॉशिंग्टनमध्ये काय शिजतंय ते आम्हाला वर्तमानपत्रातून कळतं, पण त्याचा चटका मात्र आमच्या टेबलावर बसतो.

नोटीस चहाबरोबर पुन्हा वाचली. मूळ आदेश ६ ऑगस्टचा, राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांच्या सहीचा. कारण दिलंय ते रशियाचं तेल आपण घेतो हे. चीन आपल्याहून जास्त घेतो आणि त्याला हा दंड नाही, पण हे म्हणणं मांडायला शिपिंग बिलावर रकाना नसतो.

सकाळी ७.४०

कळंबोली सर्कलपासून पळस्प्यापर्यंत कोकणात निघालेल्या गाड्या. पनवेलच्या एसटी स्टँडवर तर पाय ठेवायला जागा नाही. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे त्या बाजूचे ट्रेलर आधीच कुठे कुठे अडकून पडलेले. बंदराच्या रस्त्याचे आहेत ते या गर्दीतून वाट काढत जातात. जासईच्या एका ट्रेलरमालकाचा फोन आला. त्याच्या गाडीवर आमचा कोळंबीचा डबा. डबा म्हणजे चाळीस फुटी रीफर कंटेनर, आत उणे अठरा अंश.

“भाऊ, डबा न्यायचा का परत आनायचा, येक काय ता सांगा.”

काल रात्री कोळंबीचे शेठ म्हणाले होते, थांबा. पहाटे म्हणाले, जाऊ द्या. मी ट्रेलरवाल्याला सांगितलं, तू पार्किंग प्लाझापर्यंत जा, गेटच्या आत शिरू नकोस. एकदा डबा टर्मिनलच्या आत गेला की तो परत बाहेर काढणं ही वेगळी पूजा असते. दुपारी एकाची ती करायचीच आहे.

सकाळी ९.००

ऑफिसात आमच्याकडची जी-कार्ड झालेली मुलगी आधीच बसलेली होती. ही कस्टम्सची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली आणि नियम माझ्यापेक्षा जास्त शांतपणे वाचते. तिनं अमेरिकेला जाणाऱ्या सगळ्या फायलींचे तीन गठ्ठे केले होते.

पहिला गठ्ठा औषधांचा. तळोज्याच्या एका कंपनीच्या गोळ्या. औषधांना या आदेशातून वगळलंय, कारण अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत आपल्या जेनेरिक गोळ्यांशिवाय भागत नाही. मोबाइल फोनही वगळलेत. या फायलींवर काही करायचं नाही, त्या आपल्या वाटेनं जातील.

दुसरा पोलादाचा. एक गिऱ्हाईक पाइपांचे फ्लँज पाठवतो. पोलाद-अॅल्युमिनियमवर ४ जूनपासून ५० टक्के आहेत, पण ते जवळजवळ सगळ्या जगावर, फक्त ब्रिटनला २५. पोलादाचा तो आकार वेगळ्या कायद्याखाली येतो, त्यावर आजचे हे आणखी २५ चढत नाहीत. फ्लँजवाला गृहस्थ गेले दोन महिने माझ्याकडे रडत होता. आज तो सगळ्यांत निवांत. त्याला मारलं होतं सगळ्यांबरोबर, म्हणून तो अजून उभा आहे.

तिसरा गठ्ठा उरलेल्यांचा : रंगाची रसायनं, सुती चादरी, हातअवजारं, कोळंबी. यांना उद्यापासून ५० टक्के. आणि इथे ५० हा आकडा तितका महत्त्वाचा नाही जितका शेजाऱ्याचा आकडा. कोळंबीत आपल्याशी स्पर्धा इक्वेडोरची, त्याला १५. कपड्यांत बांगलादेश आणि व्हिएतनाम, दोघांना २०. पाकिस्तान १९, इंडोनेशिया १९. पन्नासच्या रांगेत आपल्याबरोबर ब्राझील. धंद्यात माणूस महागाईनं मरत नाही, समोरच्या दुकानातल्या स्वस्ताईनं मरतो. तळोज्यातल्या कोणत्याही कारखानदाराला विचारा, तो अमेरिकेला शिव्या नंतर देईल, आधी इक्वेडोरचा भाव विचारेल.

मुलीनं नोटिशीतल्या एका ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली होती. तिथे नवा आकडा होता, ९९०३.०१.८४. त्यांच्या आयातदारानं भारतीय मालाच्या नोंदीत आता हा आकडा लिहायचा की दंड आपोआप लागतो. एवढ्या मोठ्या मैत्रीला शेवटी आठ आकडे पुरले.

मैत्री म्हणजे याच वर्षीची. १३ फेब्रुवारीला मोदी वॉशिंग्टनला गेले होते. दोन्ही देशांचा व्यापार २०३० पर्यंत ५०० अब्ज डॉलरवर न्यायचा असं ठरलं. आपली अमेरिकेला होणारी मालाची निर्यात २०२४-२५ मध्ये साधारण ८६ अब्ज डॉलरची होती, दुसऱ्या कोणत्याही देशाला होत नाही इतकी. मग २ एप्रिलला आपल्यावर २६ टक्के जाहीर झाले. ९ एप्रिलला ते नव्वद दिवसांसाठी थांबवले, चीन सोडून जवळजवळ सगळ्यांसाठी सरसकट १० टक्के ठेवले. ३० जुलैला राष्ट्राध्यक्षांनी समाजमाध्यमावर लिहिलं, भारताला २५ टक्के आणि वर दंड. या आठवड्यात, २५ तारखेपासून, त्यांचं शिष्टमंडळ दिल्लीत बोलणी करायला बसायचं होतं. तेही आलं नाही.

सकाळी १०.१५ ते १२.००

हे दोन तास फक्त फोनचे, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच : आज रात्रीच्या जहाजावर माल चढला तर सुटतो ना?

आदेशात सूट आहे. २७ तारखेच्या त्या मिनिटाआधी माल जहाजावर चढलेला असेल, तर वाढीव २५ लागत नाहीत. हे सगळ्यांनी वाचलंय. पुढचं अर्धं वाक्य कोणी वाचत नाही : तो माल १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत पोचून त्याची तिथे नोंद झालेली पाहिजे. म्हणजे हातात एकवीस दिवस.

न्हावा-शेवाहून न्यूयॉर्कचा रस्ता एकेकाळी तांबड्या समुद्रातून, सुएझमधून होता. २०२३ च्या अखेरीस हूथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हापासून बहुतेक कंपन्या आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जातात. महिन्याहून जास्त लागतो. वाटेत कोलंबोला डबा दुसऱ्या जहाजावर चढवला तर आणखी. सुएझ मोकळा असता तरी तीन आठवड्यांत पोचून तिथल्या कस्टम्सच्या दारातून आत जाणं कठीणच होतं. म्हणजे आपल्यासारख्या लांबच्या देशासाठी ही सवलत कागदावरच राहते. आधीची वाढ, ७ ऑगस्टची, तिला ५ ऑक्टोबरपर्यंतची मुदत होती. ती माणसाला पेलणारी होती. आता तर गंमत अशी की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघालेल्या एखाद्या डब्याला पहिली सूट मिळेल आणि दुसरी मिळणार नाही, कारण तो पोचेल १७ सप्टेंबरनंतर. हे कोणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. ज्यानं मसुदा लिहिला त्याच्या खोलीत जगाचा नकाशा नसावा, इतकंच.

हा हिशेब मी प्रत्येकाला मराठीत, हिंदीत, मोडक्या गुजरातीत समजावला. चादरीवाले गप्प झाले. हातअवजारांवाले म्हणाले, मग विमानानं? विमानाचा हिशेब आणखी निष्ठुर. माल तिथे २६ तारीख संपायच्या आत उतरून नोंदला गेला पाहिजे. मुंबईहून सोळा तासांचं विमान, घड्याळाचा फरक साडेनऊ तासांचा. आज पहाटेच्या विमानात ज्यांचा माल बसला ते सुटले. आता सहारच्या विमानतळावर जाऊन उपयोग नाही.

एकानं आवाज बारीक करून विचारलं, “बीएल मागच्या तारखेचं करून मिळेल का?” बीएल म्हणजे जहाजकंपनीची पावती, तीवर माल चढल्याची तारीख असते. दर वेळी सरकारं तारखा बदलतात तेव्हा हा प्रश्न येतोच, ओळखीचा पाहुणा आहे. मी म्हणालो, शेठ, तुमचा माल गेटवर कधी आला, कधी चढला, सगळं संगणकात आहे. माझं लायसन्स जाईल, तुमचा माल तिकडे अडकेल, आणि एवढं करूनही सतरा सप्टेंबर तिथेच राहील. ते हसले. मीही हसलो. रागवायला वेळ नव्हता.

दुपारी १२.४०

जेएनसीएच, म्हणजे जवाहरलाल नेहरू कस्टम हाऊस. आज निर्यातीच्या बाजूला गर्दी, आयातीच्या बाजूलाही. आयातीचं काम बघणारा एक जुना स्नेही कॉरिडॉरमध्ये भेटला. तो कापसाच्या गाठींच्या मागे होता. आपल्या सरकारनं १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत काढून टाकलंय. कारण कापड गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा. पण अमेरिकेचा कापूसही त्यातून सुखानं आत येतो, आणि दिल्लीनं हे कोणाला दिसावं म्हणून केलं ते न सांगता कळतं. यवतमाळच्या शेतकऱ्यालाही कळतं. त्याचा कापूस बाजारात यायच्या तोंडावर हे झालं. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून शेतकऱ्याच्या हितापुढे भिंतीसारखं उभं राहू म्हणून सांगितलं, आणि चारच दिवसांनी कापसाचं दार उघडलं. मला राजकारण कळत नाही असं नाही, पण ही दोन वाक्यं एकत्र बसत नाहीत.

आम्ही दोघं २०१९ ची आठवण काढत उभे होतो. त्या वर्षी ५ जूनपासून ट्रंप यांनी भारताला जीएसपीतून काढलं. विकसनशील देशांच्या बऱ्याच वस्तू अमेरिकेत विनाशुल्क जायच्या, त्या यादीतून आपण बाहेर. लगेच १६ जूनला भारतानं २८ अमेरिकन वस्तूंवर शुल्क चढवलं : बदाम, अक्रोड, सफरचंद. वॉशिंग्टनच्या सफरचंदावर ५० टक्के होतेच, वर आणखी २० बसले. वाशीच्या मार्केटमध्ये जाणाऱ्या सफरचंदांचे रीफर तेव्हा याच बंदरात येत, आणि माझा हाच स्नेही व्यापाऱ्यांच्या शिव्या खात बसलेला मला आठवतो. ते २० टक्के २०२३ मध्ये मोदींच्या वॉशिंग्टन भेटीनंतर काढले गेले. जीएसपी काही परत आली नाही. चार वर्षांत सफरचंदाची जागा तुर्कस्तान-इराणच्या मालानं बरीच खाल्ली होती.

राष्ट्राध्यक्षांच्या शब्दानं दारं उघडतातही, हे मात्र मान्य केलं पाहिजे. २००६ च्या मार्चमध्ये बुश दिल्लीला आले, अणुकराराच्या गडबडीत आंब्याचाही विषय निघाला, बदल्यात हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींचा. पण त्यानंतर अमेरिकेच्या शेतीखात्यानं किडीचा अभ्यास केला, नियमाचा मसुदा काढला, हरकती मागवल्या. पुरतं वर्ष गेलं. मग २००७ मध्ये लासलगावच्या केंद्रात विकिरण करून हापूस तिकडे गेला. तेव्हा आम्हाला तयारीला वेळ मिळाला, खोकी कशी भरायची ते शिकलो. आंबा आत न्यायला वर्ष लागतं आणि कोळंबी बाहेर काढायला एकवीस दिवस, हा फरक माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचं मूळ कायद्यात आहे. आंब्याला साधा रस्ता होता. आजच्या आदेशाला आधार घेतलाय तो आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांच्या १९७७ च्या अमेरिकन कायद्याचा. त्यात ना हरकती, ना सुनावणी. तिथल्या व्यापार न्यायालयानं मे महिन्यात सांगितलं की या कायद्यानं असं शुल्क लावता येत नाही. सरकार अपिलात गेलंय, तोवर वसुली चालू. अमेरिकेतही या प्रश्नावर आमच्यासारखेच लोक ताटकळत बसलेत.

तिकडच्या सहीवर ताटकळणं आपल्याला नवं नाही. आमची आई अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी खाल्लेल्या पिढीतली. त्याच्याही आधी, १९६५-६६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन पीएल-४८० या अन्नमदतीच्या गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडायचे, कारण व्हिएतनामवरून दिल्ली बोलत होती ते त्यांना रुचत नव्हतं. त्या काळी गव्हाचं जहाज मुंबईला लागणार की नाही यावर रेशनची रांग ठरायची. आज आपली जहाजं तिकडे लागणार की नाही यावर तळोज्यातली पाळी ठरते. मागणारा बदलला, सही तिकडचीच.

दुपारी २.१०

आता ती वेगळी पूजा. रंगाच्या रसायनांचा एक डबा परवाच टर्मिनलच्या आत गेलाय, जहाज आज रात्रीचं. काल तिकडच्या ग्राहकानं कळवलं, हा माल आत्ता नको. कारखानदार म्हणतो, परत आणा. याला आमच्यात बॅक टू टाउन म्हणतात.

काय काय लागतं ते ऐका. निर्यातदाराचं पत्र. जहाजकंपनीची ना हरकत. कस्टम्सच्या उपायुक्तांची परवानगी. टर्मिनलचे डबा हलवायचे पैसे, कारण तो ढिगात तळाशी असतो आणि त्याच्यावर इतरांचे चार. मग सील तपासायचं, डबा सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, आणायचा, शिपिंग बिल रद्द करायचं, त्यावर मागितलेली ड्रॉबॅकची, म्हणजे शुल्क-परताव्याची, रक्कम थांबवायची, जीएसटीच्या परताव्याचं गणित उलटं फिरवायचं. निर्यात करणं हे उतारावरून गाडी सोडण्यासारखं असतं. आपली सगळी यंत्रणा माल बाहेर जाण्यासाठी तेलपाणी घालून ठेवलेली, मागे घेण्याची सवय तिला नाही. उपायुक्तांच्या टेबलावर आज अशा पत्रांचा ढीग होता. साहेब भला माणूस. एका पत्रावर निर्यातदारानं कारण लिहिलं होतं, ‘अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा निर्णय’. साहेब म्हणाले, हे कारण माझ्या यादीत नाही, ‘ग्राहकाने ऑर्डर रद्द केली’ असं लिहून आणा. तो बिचारा बाहेर जाऊन नवीन पत्र टाइप करून घेऊन आला. खरं म्हणजे पहिलं कारण जास्त बरोबर होतं.

आमची परवानगी पावणेचारला मिळाली. जेवण म्हणजे कॅन्टीनमधला वडापाव, गाडीत.

दुपारी ४.३०

वाटेत शेजारच्या काकूंचा फोन. मुलगी एडिसनला. दरवर्षी दिवाळीला फराळाचं पार्सल जातं, यंदा पोस्टात गेल्या तर खिडकीवर सांगितलं अमेरिकेचं बुकिंग बंद. २५ ऑगस्टपासून टपाल खात्यानं अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सलं थांबवली आहेत, कारण ८०० डॉलरपर्यंतचा माल तिथे विनाशुल्क आत जायची सवलत राष्ट्राध्यक्षांनी २९ ऑगस्टपासून बंद केली आणि शुल्क कोण कसं गोळा करणार हे विमानकंपन्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. शंभर डॉलरपर्यंतची भेटवस्तू चालेल असं कागदावर आहे.

“म्हणजे माझ्या चकल्यांवरपण ट्रंप बसला की काय?”

म्हटलं, काकू, चकल्या शंभर डॉलरच्या आत ठेवा आणि अनारसे कमी करा. त्यांना विनोद आवडला नाही.

संध्याकाळी ६.३०

न्यू जर्सीत सकाळचे नऊ. आता तिकडची माणसं टेबलावर येतात आणि इकडे खरा दिवस सुरू होतो. रसायनांचा कारखानदार माझ्या ऑफिसात आलाय, तारखा समजावून सांगायला मी लागतो म्हणून. पलीकडे त्याचा ग्राहक, मूळचा बडोद्याचा, पंचवीसेक वर्षं तिकडे असलेला. बोलणं हिंदीत.

एक गोष्ट इथे नीट सांगितली पाहिजे, कारण टीव्हीवर ती रोज चुकीची सांगितली जाते. हे शुल्क भारत भरत नाही, आपला कारखानदारही थेट भरत नाही. भरतो तो अमेरिकेतला आयातदार, तिथल्या सरकारला. पण तो भरून गप्प बसत नाही. तो इकडे फोन करतो आणि म्हणतो, अर्धं तू सोस. एप्रिलमध्ये १० टक्के लागले तेव्हा कारखानदारानं तीन टक्के भाव उतरवला. ऑगस्टमध्ये २५ झाले तेव्हा आणखी सहा. आज ५० वर बोलणं आलं, आणि त्याच्या नफ्याच्या डब्यात आता खरवडायलाही काही नाही.

ग्राहक चांगला माणूस. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, मला तुमच्याबद्दल काही तक्रार नाही, माल उत्तम आहे. पण मी आज ऑर्डर दिली आणि दोन महिन्यांत माल समुद्रात असताना त्यांनी रात्री आणखी काही लिहिलं, तर मी कोणाच्या दारात जाऊ? मग त्यानं नव्या ऑर्डरचा मसुदा पाठवला. भाव जुनाच. अटींमध्ये खाली एक वाक्य : ऑर्डरच्या तारखेनंतर कोणतंही शुल्क वाढलं तर ते विक्रेत्याच्या खात्यावर.

हे वाक्य मी पहिल्यांदा एप्रिलमध्ये पाहिलं होतं, दुसऱ्या एका निर्यातदाराच्या कागदात. २६ टक्के जाहीर झाले त्या आठवड्यात ते आलं. मग सात दिवसांत ते २६ टक्के स्थगित झाले, आणि निर्यातदारानं ग्राहकाला कळवलं, आता ती अट काढा. ग्राहक म्हणाला, असू दे. ती आहे अजून. मला वाटतं, वॉशिंग्टनमध्ये सही होते आणि सही फिरवलीही जाते. उद्या कदाचित हे ५० परत २५ होतील, पंधराही होतील, दोन्ही नेते हसत हात मिळवतील आणि दिल्लीत कोणीतरी म्हणेल की संबंध पूर्वपदावर आले. कराराच्या कागदातलं हे वाक्य मात्र कोणी शिष्टमंडळ बसून काढणार नाही. दोन देशांची मैत्री आमच्या लेखी अशाच वाक्यांची बनलेली असते : कोण किती दिवस उधार देतो, माल वाटेत असताना जोखीम कोणाची, भाव किती दिवस टिकतो. पूर्वी तिकडचा ग्राहक सहा महिन्यांचा भाव धरून बसायचा. आता तीस दिवसांचा मागतो. व्हिएतनामच्या कारखानदारालाही तो हीच अट घालतो का, हे मी विचारलं. म्हणाला, घालतो, पण त्याच्याकडे तिचा उपयोग करायची वेळ येईल असं वाटत नाही.

कारखानदारानं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मी सीएचए, वकील नाही. एवढंच म्हणालो की निदान ‘कोणतंही शुल्क’च्या जागी ‘दहा टक्क्यांपर्यंत’ लिहून मागा, आणि त्यापुढे ऑर्डर रद्द करायचा हक्क दोघांनाही. अर्धा तास घासाघीस झाली. बारा टक्क्यांवर ठरलं. रद्द करायचा हक्क मिळाला नाही.

रात्री ९.१५

कोळंबीचे शेठ. डबा सकाळपासून पार्किंग प्लाझात, जनरेटरवर, डिझेल जळतंय. जहाजाचं गेट बंद व्हायला थोडाच वेळ उरलाय.

शेठचं म्हणणं, माल पाठवला तर १७ सप्टेंबरनंतरच पोचणार, ५० टक्के लागणार, शिवाय कोळंबीवर अँटी-डंपिंग आणि काउंटरव्हेलिंगचं जुनं दुखणं आहेच. ग्राहक म्हणतो निम्मं तुम्ही घ्या. तेवढं घेतलं तर तलाववाल्या शेतकऱ्याला दिलेला भावसुद्धा निघत नाही. नाही पाठवला तर शीतगृहाचं भाडं, आणि अमेरिकेसाठी केलेलं पॅकिंग फुकट. युरोपला वळवावा तर खोक्यांवरची छपाई वेगळी, तपासणीचे कागद वेगळे, तिथली मंजुरी असलेल्या कारखान्यातूनच माल जायला हवा. जपानला लहान आकाराची कोळंबी नको. चीनला भाव नाही.

“तुम्ही असतात तर काय केलं असतं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, परत आणली असती. गेटच्या आत गेली नाही, म्हणून परत आणायला फक्त ट्रेलरचं भाडं आणि रद्द केलेल्या बुकिंगचा दंड. आत गेली की दुपारी मी जे केलं ते सगळं.

पाच मिनिटांनी त्यांचा फोन, आणा परत. जासईवाल्याला कळवलं. त्यानं विचारलं, भाडं दोन्ही बाजूंचं ना? दोन्ही बाजूंचं. मग तो खुशीत होता. त्याच्या घरी उद्या गणपती, गाडी आज रात्रीच रिकामी होणार.

रात्री १०.४०

उद्याची वाटणी. बंदराला सुट्टी नसते, कस्टम्सला नसते. रसायनांचा बॅक टू टाउनचा डबा उद्या सकाळी टर्मिनलमधून बाहेर काढायचाय आणि सीलपाशी आमचं कोणीतरी हजर पाहिजे. आमच्या एच-कार्डवाल्या पोरांत उरणचे दोघे, दोघांच्याही घरी गणपती. जी-कार्डवाली मुलगी म्हणाली, सर, आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, पण प्रतिष्ठापना बाबा करतात, मी जाते. तिला सांगितलं, नऊच्या आत गेटवर पोच, साडेनऊनंतर टर्मिनलवाले भटजींसारखे गायब होतात.

मग औषधांच्या फायली एकदा चाळल्या. त्यांचं जहाज परवा आहे, शुल्क शून्य, अडचण काही नाही. कंपनीच्या माणसाचा मेसेज होता : औषधांवरही वेगळी चौकशी सुरू आहे असं ऐकतोय, तुमच्याकडे काही बातमी? उत्तर लिहिलं, बातमी तुमच्याआधी मला कळत नाही, ऑर्डर घेताना शुल्काच्या अटीची ओळ नीट वाचून घ्या, आणि पाठवली की मला एक प्रत द्या.